स्माइल वापरून बोलकं पुस्तक: काही महिन्यांनंतर

ठाण्यातल्या तलावांवरची एक छोटी पुस्तिका मी पावसाळ्यापासून ‘बोलकी’ करतोय. वाक्य ऐकू येतं तेव्हा पडद्यावर तेच पिवळं होतं. नौपाड्यातल्या आमच्या ज्येष्ठांच्या गटात काहींना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांच्यासाठी हा उद्योग.

आवाज आणि मजकुराचा मेळ घालायला वापरलं स्माइल (SMIL). चित्र, आवाज, व्हिडिओ कधी आणि कुठे दिसायचं हे साध्या टॅगांत लिहिण्याची ही भाषा डब्ल्यूथ्रीसीने (वेबची मानकं ठरवणारी संस्था) १९९८ मध्ये आणली. तिसरी आवृत्ती २००८ ची. ब्राउझरांनी तिला कधी मनापासून जवळ केलं नाही, पण ईपब ३ या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात तिचा छोटासा तुकडा टिकून आहे, आणि माझ्या कामाला तेवढाच पुरतो.

प्रत्येक वाक्याला एक ‘पार’ (par) टॅग. त्यात दोनच गोष्टी: मजकुरातल्या वाक्याची आयडी, आणि ध्वनिफितीतली त्याची सुरुवात नि शेवट. सेकंद ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये खुणा करून काढायचे, खुणांची यादी टेक्स्ट फाइलमध्ये निघते. मग छोट्या स्क्रिप्टने टॅग तयार.

खरी किंमत कळते ती दुरुस्तीच्या वेळी. मासुंदा तलावाचा परिच्छेद वाचताना बाहेर रिक्षावाल्याने नेमका हॉर्न धरला (पंखा, खिडक्या सगळं बंद असूनही!). तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचून वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आणि त्याच्या टॅगांना नवी फाइल दाखवली. बाकीच्या वेळा जशाच्या तशा. हेच व्हिडिओत केलं असतं तर पुन्हा एक्स्पोर्ट करत बसावं लागलं असतं.

कटकट आहे ती हिशेबाची. प्रत्येक प्रकरणाचा कालावधी आणि एकूण कालावधी वेगळा नोंदवावा लागतो. बेरीज जुळली नाही की ईपबचेक (ईपब फाइल तपासणारं साधन) इशारा देतो. लांब वाक्यंही त्रास देतात, अख्खी चार ओळींची पट्टी पिवळी होते आणि नजर हरवते. मी आता स्वल्पविरामापाशी तोडतो.

संगणकावर थोरियम रीडर हा ई-पुस्तक वाचायचा प्रोग्राम फुकट आहे आणि छान चालतो. फोनवर मात्र नशिबाचा खेळ: काही ॲप पुस्तक उघडतात, पण आवाजाचा पत्ताच नसतो. म्हणून फोनवाल्यांना सध्या सोबत एमपीथ्रीही देतो.

व्हिडिओखाली नुसत्या ओळी दाखवायच्या असतील तर याच्या वाटेला जाऊ नका, वेबव्हीटीटी ही साधी सबटायटलची फाइल पुरे.