नवशिक्यांचे छोटे ड्रोन: जमिनीवर भरवशाचे, पाण्यावर नाही

पोटाखाली कॅमेरा असलेले पण जीपीएस नसलेले छोटे ड्रोन शिकायला उत्तम. रिमोटची स्टिक सोडली की जागीच थांबतात. मात्र ही स्थिरता त्या कॅमेऱ्यामुळे येते आणि पाण्यावर तोच घात करतो. खालच्या खुणा पाहून तो आपण सरकलो का हे ठरवतो. लाटा सरकल्या की ड्रोनला वाटते आपणच सरकतोय, आणि तो त्यांच्यामागे वाहत जातो. संथ पाण्यावर तर खुणाच नसतात. उंची मोजणारा इन्फ्रारेड सेन्सरही फसतो, कारण किरण आरशावरून जावेत तसे भलतीकडे परततात किंवा पाण्यात शोषले जातात.

ड्रोन पडला तर कारण शोधायला ॲपमधली उड्डाणाची नोंद उघडा. शेवटच्या ३० सेकंदांत स्टिक मध्यावर असूनही वेग किंवा उंची बदलत असेल तर संशय सेन्सरवर घ्यावा. एका सेलचे व्होल्टेज ३.३च्या खाली कोसळले असेल तर बॅटरीवर. ड्रोन अचानक एका कुशीवर उलटला असेल तर पंखा आणि मोटर तपासा. बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये ही नोंद साठतच नाही, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी उणीव आहे.

पाण्यातून बाहेर काढल्यावर बॅटरी लगेच सोडवा, ती पुन्हा चार्ज करू नका. खारे पाणी असेल तर सर्किट डिस्टिल्ड वॉटरने धुऊन दोन-तीन दिवस वाळवा.

तलावावर उडवायचेच असेल तर जीपीएस असलेला आणि खालचा सेन्सर बंद करता येणारा ड्रोन घ्या.