'कोणतीही फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीला जोडा' : या एका वाक्याने झालेले नुकसान

बहिणीने १९९० च्या सुमारास संगणकावर टंकलेली शब्दसूची सव्वापाच इंची, ३६० केबीच्या तीन फ्लॉप्यांवर (माहिती साठवण्याच्या जुन्या चुंबकीय डिस्कांवर) होती. ती वाचता यावी म्हणून मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुनी ड्राइव्ह (फ्लॉपी वाचणारे यंत्र) आणि तिची ३४ पिनांची केबल यूएसबीला जोडणारे सर्किट बोर्ड असा संच घेतला. जाहिरातीत 'कोणतीही फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीला जोडा' आणि 'सर्व ड्राइव्ह, सर्व फॉरमॅट' असे लिहिले होते आणि ड्राइव्ह 'तपासलेली' होती. पुरावा म्हणून ड्राइव्हवरच्या पेटलेल्या दिव्याचे छायाचित्र होते, आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

पहिली अडचण विजेची आली. सव्वापाच इंची ड्राइव्हच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात, तर यूएसबीतून साधारणपणे ५ व्होल्टच मिळतात. मी जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय वेगळा जोडला, तेव्हा मोटर फिरली, पण डिस्क फॉरमॅट केलेली नाही, ती करायची का, असा प्रश्न पडद्यावर आला. विक्रेत्याला विचारले असता त्याने 'होय म्हणा, मग चालेल' असे उत्तर दिले. ज्या डिस्कवरची माहिती हवी आहे तीच पुसण्याचा हा सल्ला होता, आणि घाईत मी तो एका फ्लॉपीवर पाळला. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की तिच्यावर लिहिता येत नाही. एवढेही मी आधी केले नव्हते, याचे मला अजून वाईट वाटते.

ते बोर्ड मुळात साडेतीन इंची, १.४४ एमबीच्या ड्राइव्हसाठीच होते, हे मला नंतर कळले. ३६० केबीच्या फ्लॉपीवर प्रत्येक बाजूला ४० ट्रॅक (माहिती नोंदवण्याची वर्तुळे) असतात आणि १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर ८०. माहिती नोंदवण्याचा वेगही वेगळा असतो, त्यामुळे त्या बोर्डाला माझी डिस्क समजणे शक्यच नव्हते. विक्रेता मात्र 'केबल उलटी करून पाहा', 'दुसरा पोर्ट वापरा' असे रोज नवे काही सुचवत राहिला आणि परताव्याची मुदत संपताच त्याने उत्तरे देणे थांबवले. ड्राइव्ह उघडली तेव्हा हेडवर (डिस्क वाचणाऱ्या भागावर) तपकिरी थर साचलेला दिसला, म्हणजे ती तपासली असेल तर फार तर मोटर फिरते का एवढेच पाहिले असावे.

पुढे मी ग्रीसविझल हे बोर्ड घेतले. ते डिस्कवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवते आणि त्या नोंदीवरून सॉफ्टवेअर मजकूर काढते. ते संगणकात नेहमीच्या ड्राइव्हसारखे अक्षर (जसे A:) घेऊन दिसत नाही, हेही खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसल्यावर दोन फ्लॉप्या पूर्ण वाचल्या गेल्या. तिसरीचे सुरुवातीचे ट्रॅक मात्र माझ्या हातून पुसले गेले होते, आणि बहिणीच्या सूचीतला 'अ' तिथेच होता.

असा संच घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडे दिव्याचे छायाचित्र मागू नये. आपल्याकडे आहे त्याच प्रकारच्या डिस्कवरून एखादी फाइल वाचून ती उघडल्याचा अखंड व्हिडिओ मागावा, आणि तो मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.