आयकॉन की तझहीब? पुण्यात बसून शिकायचं ठरवत असाल तर

आयकॉन म्हणजे लाकडी फळीवर रंगवलेलं ख्रिस्ती पवित्र चित्र. तझहीब म्हणजे इस्लामी परंपरेतली, कागदावर कंपासने आखून सोन्या-रंगांनी भरलेली नक्षी. अंडं दोन्हीकडे लागतं. आयकॉनच्या रंगात बलक, आणि तझहीबसाठी कागदावर जो ‘आहार’ नावाचा लेप देतात त्यात अंड्याचं पांढरं आणि तुरटी. त्यामुळे ‘आमच्याकडे अंडं चालत नाही’ म्हणून एक बाजू निवडू पाहणाऱ्यांची थोडी पंचाईत होते. कागदाला निदान पळवाट आहे: नुसती खळ लावून घोटला तरी काम भागतं. बलक काढून टाकला तर मात्र त्याला आयकॉन म्हणायला जुने लोक तयार होणार नाहीत.

मी दोन्ही करून बघितलंय, नोकरी सांभाळून, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. लंडनच्या किंग्ज फाउंडेशन स्कूल ऑफ ट्रॅडिशनल आर्ट्समध्ये या दोन्ही परंपरा एकाच छताखाली शिकवतात, तेव्हा एक धरली की दुसरी सुटली असं काही नाही. पण सुरुवात कुठून करायची हा प्रश्न उरतोच.

रंगांवरून निवड करू नका. लाजवर्द, हिंगूळ, गेरू, सगळं सामाईक आहे. सोनंही तेच, फक्त वागणूक वेगळी. आयकॉनमध्ये लाल मातीच्या थरावर तोंडाची वाफ सोडायची, वर्ख अलगद टेकवायचा आणि अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचा. जमलं की अक्षरशः आरसा होतो. तझहीबमध्ये तोच वर्ख डिंकाच्या पाण्यात, चिनी मातीच्या बशीत, बोटाने खलत बसायचं. मग पाणी घालायचं, सोनं तळाशी बसू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं. उरतो तो मातकट दिसणारा गाळ. कुंचल्याने भरून घोटेपर्यंत ते सोनं आहे यावर घरच्यांचा विश्वास बसत नाही.

आता माझं घोडं जिथे अडलं ते सांगतो: फळीचं अस्तर. लाकडावर कापड चिकटवायचं आणि त्यावर सरस आणि खडूच्या भुकटीचे हातावर हात द्यायचे, आठ-दहा तरी. सरस कोमट ठेवायचा, उकळू द्यायचा नाही. जास्त तापला किंवा जोरात ढवळला की बुडबुडे येतात, आणि सुकल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. ती घासून जात नाहीत. खोल असतात आणि सोनं चढल्यावर जास्तच डोळ्यांत भरतात. एप्रिलमध्ये एक हात बघता बघता सुकतो. जुलैत सकाळी दिलेला हात संध्याकाळीही बोटाला गार लागतो. तोवर भांड्यातल्या उरलेल्या सरसावर बुरशी धरलेली असते. वासाबद्दल शेजारी सांगतीलच. फळीही दमट हवेत वाकते. जुन्या आयकॉनच्या पाठीला आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात त्या काही शोभेसाठी नाहीत. तयार फळी मागवता येते, पण महाग पडते, आणि निम्मी विद्या त्या अस्तरातच आहे असं मला तरी वाटतं.

हे सगळं पार पडलं तर पुढचं काम मात्र विलक्षण आहे, हे मान्य करायला हवं. चेहऱ्याला आधी काळपट हिरवा थर, मग त्यावर एकेक उजळ पातळ थर. नाकाची कड वर यायला लागते तेव्हा आपण श्वास धरून बसलेलो असतो. कंपासने कितीही चांदण्या काढा, हे सुख त्यात नाही.

तझहीबच्या भूमितीचा वैताग वेगळा. शाळेच्या कंपासपेटीतला कंपास सैल असतो, पहिल्या वर्तुळात केसभर सरकतो आणि बारा टोकांची चांदणी शेवटी जुळत नाही. पण कागद फेकून नवा घेता येतो. शिवाय ऑफिसमधून आल्यावर अर्धा तास मिळाला तर तेवढ्यात चार रेघा होतात. बलकाचा रंग ताजाच कालवावा लागतो, त्यात तो अर्धा तास तयारीतच जातो.

श्रद्धेचा मुद्दा नाजूक आहे. निकेया इथल्या 787 सालच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने आयकॉनच्या वंदनाला मान्यता दिली. ते पूजनीय चित्र आहे, आपल्या मनाची भर त्यात चालत नाही. पुण्यात आयुष्य काढलेल्या चित्रकार अँजेलो द फोन्सेका (1902–1967) यांनी मरियेला साडी नेसवली, पण ती वाट निराळी, आयकॉनची नव्हे. कुराणातल्या अक्षरांनाही अरबी न शिकता हात लावू नये असं माझं मत. नुसती नक्षी आणि भूमिती मात्र कोणाच्याही घरात सामावते. शिवाय पाहायला विजापूर आहे: तिथल्या इब्राहिम रोजा या मकबऱ्याच्या खिडक्यांतली दगडात कोरलेली अक्षरं तासभर बघत बसा, पुस्तकं नंतर उघडा.

ज्यांच्याकडे कोरडी, मोकळी खोली आणि सलग वेळ आहे त्यांनी आयकॉन जरूर धरावं, पण दिवाळीनंतर. पावसाळ्याच्या तोंडावर विचारत असाल तर आधी एक घट्ट स्क्रूचा कंपास घ्या आणि शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून थोडे जाड ताव आणा.