पोस्टग्रेस डेटाबेस: ऑफिसातल्या सर्व्हरवर की ॲमेझॉन आरडीएसवर?
सातपूर एमआयडीसीतल्या कारखान्याचा डेटा ऑफिसातल्याच सर्व्हरवर ठेवला, तर ताबा पूर्ण आपला: सुपरयूझर (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) आपणच, हवं ते एक्स्टेन्शन (जादा सोयींची जोड) टाका. पण बॅकअप, पॅच (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या), भरत आलेली डिस्क हेही आपल्याच गळ्यात. म्हणूनच डीबीए (डेटाबेस सांभाळणारा तज्ज्ञ) नसलेल्यांना मी आरडीएसच, म्हणजे ॲमेझॉनची क्लाउडवरची डेटाबेस सेवा, सुचवेन.

तिथे बॅकअप आपोआप होतो, शिवाय ट्रान्झॅक्शन लॉग (डेटातल्या बदलांच्या नोंदी) दर ५ मिनिटांनी साठवले जातात. दुपारी कुणी चुकून टेबल उडवलं, तरी त्याआधीच्या क्षणाचा डेटा परत मिळतो. असं मागे जाण्याची मुदत जास्तीत जास्त ३५ दिवस. मात्र परत आणलेला डेटा नव्या इन्स्टन्सवर (वेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर) उभा राहतो, त्यामुळे ॲपमधला पत्ता बदलायला विसरू नका. मल्टी-एझेडमध्ये (डेटाबेस दोन वेगळ्या ठिकाणी ठेवण्याच्या सोयीत) दुसरी प्रत तयारच असते, पण बिल जवळपास दुप्पट. संथ क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) आणि इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) दोन्हीकडे आपणच बघायचे.