पोर्ट्रेटसाठी ५० की ८५?

एकच प्राइम (झूम न होणारी) लेन्स घ्यायची, तर ५० मिमी की ८५ मिमी? हा आकडा फोकल लांबीचा; तो मोठा तितके दृश्य जवळ दिसते. कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे ३६×२४ मिमी सेन्सरचा, धरू.

आधी चेहरा. ५० मिमीने उभ्या फ्रेममध्ये डोके-खांदे भरायला एक मीटरच्या आत जावे लागते. तिथून नाक जरा मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. ८५ मिमीने तीच चौकट साधारण दीड मीटरवरून मिळते, चेहरा प्रमाणात येतो. खरे तर ही करामत लेन्सची नाही, अंतराची आहे. एकाच जागेवरून दोन्हींनी फोटो काढून ५०चा क्रॉप केला, म्हणजे कडा कापून तेवढाच भाग ठेवला, तर नाक तेवढेच दिसेल!

पार्श्वभूमी ८५ जास्त विरघळवते. एफ/१.८ला (छिद्र = फोकल लांबी भागिले १.८) तिचे छिद्र सुमारे ४७ मिमी, ५०चे २८; छिद्र मोठे तितकी पार्श्वभूमी धूसर.

जागेत मात्र ८५ अडते. पूर्ण उभ्या माणसासाठी जवळपास पावणेपाच मीटर मागे सरकावे लागते, ५०ला पावणेतीन पुरतात. वजन, किंमत यांतही ५० सहसा हलकी.

लहान खोली, मुले, घरातले प्रसंग असतील तर ५०. मोकळ्यावर, मुख्यतः चेहरेच टिपायचे असतील तर ८५. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर ५०च घ्या, ती तिथे ७५सारखी वागते.