बिलिंग काउंटरला कोणती टचस्क्रीन घ्यावी: रेझिस्टिव्ह की कपॅसिटिव्ह?

खानावळ असो, मिठाईचं दुकान असो की मासळीचा गाळा, टचचं बिलिंग मशीन घ्यायला गेलात की विक्रेता आधी प्रोसेसर आणि मेमरीचे आकडे सांगतो. ऐन गर्दीत रांग सरकते की तुंबते हे मात्र स्क्रीनला बोट किती नीट कळतं यावर ठरतं. म्हणून चौकशी तिथूनच सुरू करा.

रेझिस्टिव्ह स्क्रीनमध्ये काचेवर लवचीक प्लॅस्टिकचा पापुद्रा ताणलेला असतो. दोन्हींच्या आतल्या बाजूंना वीजवाहक लेप असतो. दाबलं की थर एकमेकांना टेकतात आणि जागा कळते. त्यामुळे नख, पेनाचं टोपण, हातमोजा, ओलं बोट, काहीही चालतं. कपॅसिटिव्हमध्ये काचेखाली इलेक्ट्रोडची बारीक जाळी असते आणि बोट टेकताच तिथली धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते. जोर अजिबात लागत नाही. 2007 मध्ये आयफोन आला आणि पुढे मोबाइलमध्ये हीच पद्धत रुळली.

ही मोबाइलची सवय काउंटरवर फार महत्त्वाची ठरते. नवा पोरगा रेझिस्टिव्हवर मोबाइलसारखं हलकेच टेकवतो, पदार्थ उमटत नाही. मग तो दोनदा जोरात दाबतो आणि बिलात दोन प्लेट मिसळ चढते. समोर गिऱ्हाईक उभं असताना एन्ट्री रद्द करत बसणं त्याला नकोसं होतं, आणि मशीनवरचा त्याचा विश्वास उडतो. शिवाय साध्या 4-वायर, म्हणजे थरांना चार तारा जोडलेल्या, रेझिस्टिव्हवर तळहाताची कड टेकलेली असताना बोटाने दाबलं तर स्क्रीनला दोन्हींच्या मधलीच कुठलीतरी जागा कळते. मागितलेली थाळी राहते बाजूला आणि तिसराच पदार्थ चढतो.

कपॅसिटिव्ह कोरड्या, स्वच्छ बोटाला उत्तम. वेग चांगला, चित्र लख्ख. पण पाणी पडलं की तिचा गोंधळ होतो, मिठाचं पाणी असेल तर जास्तच. मासळीच्या गाळ्यावर ती मला पटत नाही. हातमोज्यांचं म्हणाल तर बोटाला घट्ट बसणाऱ्या पातळ मोज्यातून बहुधा काम होतं. सैल प्लॅस्टिकच्या मोज्यात बोटापुढे हवा राहते आणि टच चुकतो. घट्टे पडलेल्या, कोरड्या बोटांनाही ती कधीकधी दाद देत नाही. वर्षानुवर्षं भट्टीपाशी राबलेल्या माणसाला गल्ल्यावर बसवणार असाल तर याचा विचार आधी करा, नाहीतर दोष विनाकारण त्याच्या माथी येतो.

काही कपॅसिटिव्ह मशीनमध्ये संवेदनशीलता वाढवायची सोय असते. मोजे घालणाऱ्यांना ती उपयोगी आहे, पण फार वाढवली की शिंतोडाही बोट समजला जातो. गरजेपुरतीच वाढवा.

सॉफ्टवेअरकडेही बघा. बोट टेकताच पदार्थ चढतो की उचलल्यावर? मेरीलँड विद्यापीठात पॉटर, वेल्डन आणि श्नायडरमन यांनी 1988 मध्येच याची तुलना केली होती. पहिल्या स्पर्शाला नोंद घेणारी पद्धत वेगवान ठरली, तर बोट उचलल्यावर नोंद घेणारीत चुका सर्वांत कमी झाल्या. बिलाच्या कामाला मी दुसरी निवडेन, कारण बोट चुकीच्या बटणावर पडलं तरी ते सरकवून सुधारता येतं. बटणंही मोठी हवीत. गूगलची अँड्रॉइडसाठीची शिफारस सुमारे 9 मिलिमीटरची आहे. धावपळीत तेवढंही मला अपुरं वाटतं.

माझं मत असं: गल्ल्यावर वेगळा माणूस बसत असेल आणि त्याचे हात कोरडे राहत असतील तर डोळे झाकून कपॅसिटिव्ह घ्या. जो माल तोलतो, बांधतो, तोच बिल करत असेल तर रेझिस्टिव्ह घ्या, पण 5-वायर. 4-वायरचा वरचा पापुद्रा सतत दाबल्या जाणाऱ्या बटणांपाशी झिजला की नेम चुकायला लागतो. 5-वायर ही झीज बरीच सोसते. चित्र थोडं मंद दिसेल, तेवढं चालवून घ्या.

पैसे देण्याआधी मशीनवर रोज बसणाऱ्यालाच दुकानात घेऊन जा. त्याला मोजा घालून, मग ओल्या हाताने, दहा-बारा पदार्थांचं बिल करायला लावा. विक्रेत्याचं बोट मध्ये येऊ देऊ नका.