पेट्रोल पंपावरची वही : बीपीसीएल एसबीआय कार्डाचा एका वर्षाचा हिशेब

कन्नमवार नगरातला आमचा वाणी महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर काही न विचारता वही पुढे ओढतो आणि तेल, साखर, साबण असे लिहून घेतो. पैसे पगार झाल्यावर द्यायचे, व्याजाचा प्रश्न नाही, फार तर एखादा टोमणा ऐकून घ्यायचा. पेट्रोल पंपावर अशी वही नसते. नोझल टाकीत जाण्याआधी हातात पैसे किंवा खात्यात शिल्लक असावी लागते, आणि माझी अडचण नेमकी तिथेच होती. मी एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. सकाळी साडेसहाला उपाशीपोटीच्या तपासण्यांनी दिवस सुरू होतो आणि विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड असे फिरून स्कूटर रोज साधारण ४५ किलोमीटर धावते. पेट्रोलचा भत्ता लॅब देते, पण तो पुढच्या महिन्याच्या १० तारखेला पगाराबरोबर हाती येतो. म्हणजे पेट्रोल आधी मी माझ्या पैशांनी भरायचे आणि लॅबने ते नंतर फेडायचे, असा उलटाच व्यवहार आहे.

मुंबईत गरजूंना आधार देणाऱ्या संस्था कमी नाहीत. सिद्धिविनायक मंदिर न्यास रुग्णांना उपचारासाठी मदत करतो, मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठीही कोणी ना कोणी उभे राहते. पेट्रोलसाठी मात्र कोणाचे दार ठोठावता येत नाही, कारण दुचाकी दाराशी उभी असलेला माणूस गरजू वाटतच नाही. त्यामुळे भिशीतून उचल, पतपेढीचे छोटे कर्ज किंवा भावाकडून हातउसने पाचशे, एवढेच मार्ग उरतात. हे तिन्ही करून झाल्यावर मी ऑगस्ट २०२४ मध्ये बीपीसीएल एसबीआय कार्ड, म्हणजे भारत पेट्रोलियमच्या (बीपीसीएल) पंपांसाठीचे एसबीआयचे क्रेडिट कार्ड, घेतले आणि जुलै २०२५ पर्यंतच्या बारा महिन्यांचा हिशेब एका शंभरपानी वहीत लिहून ठेवला. पुढचे सगळे त्या वहीतले आहे, आणि अटीही त्याच काळातल्या आहेत.

आधी खर्च किती, ते सांगते. महिन्याला २६ दिवस धरले तर माझे सुमारे १,१७० किलोमीटर होतात. लाल बहादूर शास्त्री मार्गावरची गर्दी, सिग्नल आणि खड्डे यांतून माझी स्कूटर लिटरमागे ४२ किलोमीटरच्या वर जात नाही, म्हणजे महिन्याला जवळजवळ २८ लिटर लागतात. या वर्षभरात मुंबईत पेट्रोल लिटरला १०३ रुपये ५० पैशांच्या आसपास स्थिर राहिले, तेव्हा महिन्याचा खर्च २,९०० रुपयांच्या घरात जातो. २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने पहिल्यांदा शंभरी ओलांडली होती. त्यानंतर केंद्राने उत्पादन शुल्क कमी केले, राज्याने व्हॅट कमी केला, पण दर शंभराच्या खाली काही आला नाही. भारत पेट्रोलियमची रिफायनरी माहुलला आहे, आमच्या घरापासून चेंबूर ओलांडले की आलेच. तरीही मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि शिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे द्यावे लागतात. पेट्रोल शेजारी तयार होते म्हणून शेजाऱ्याला स्वस्त मिळत नाही.

आता कार्ड. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ४.२५ टक्के परतावा लिहिलेला असतो. त्याची फोड कंपनी स्वतःच करून देते. भारत पेट्रोलियमच्या पंपावर खर्च केलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे १३ पॉइंट मिळतात आणि चार पॉइंटांचा एक रुपया होतो, म्हणजे सव्वातीन टक्के. उरलेला एक टक्का ही इंधन अधिभाराची माफी आहे. हा अधिभार क्रेडिट कार्डाने पेट्रोल घेतल्यावरच लागतो. रोख दिले किंवा यूपीआयने भरले तर तो मुळात नसतोच. म्हणून माफ झालेला एक टक्का ही माझी कमाई नव्हे, तो फक्त टळलेला भुर्दंड आहे, आणि तोही पूर्ण टळत नाही, कारण अधिभारावरचा १८ टक्के जीएसटी परत मिळत नाही. पावतीवर ५०० रुपये असतात. एक टक्क्याच्या हिशेबाने त्यावर ५ रुपये अधिभार आणि ९० पैसे कर चढतो, पुढे ५ रुपये परत येतात आणि ९० पैसे गेले ते गेले. पहिल्या महिन्यात पावत्या आणि बिल जुळेनात म्हणून मी दोन संध्याकाळी आकडेमोड करत बसले होते, तेव्हा हे ध्यानात आले. खरा परतावा ३.०७ टक्के आहे असे समजून चालावे. तो वाईट नाही. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी कॅशलेस पैसे देणाऱ्यांना पाऊण टक्का सूट सुरू केली होती, तीही क्रेडिट कार्डांपुरती १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली. त्या मानाने तीन टक्के बरेच म्हणायचे.

दुचाकीवाल्यांसाठी या कार्डातली सगळ्यात कामाची गोष्ट जाहिरातीत कुठेतरी खाली असते. अधिभाराची माफी ४,००० रुपयांपर्यंतच्या प्रत्येक व्यवहाराला आहे, किमान रकमेची अट नाही. बाजारातल्या अनेक कार्डांवर ही माफी एका वेळी किमान ४०० रुपयांचे पेट्रोल घेतले तरच मिळते. माझ्या स्कूटरची टाकी ५.३ लिटरची आहे. चार लिटर पेट्रोल ४१४ रुपयांना पडते, म्हणजे ४०० ची अट पाळायची तर टाकीत जेमतेम सव्वा लिटर उरेपर्यंत पंपावर जायचेच नाही. बर्फाच्या पेटीत नमुने आहेत, पलीकडे लॅबची गाडी थांबलेली आहे आणि पेट्रोलचा काटा तळाला टेकला आहे, अशा अवस्थेत चार रुपये वाचवण्याची हिंमत माझ्यात नाही. ज्यांनी या अटी लिहिल्या त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा चारचाकी असावी. या कार्डावर मी २०० रुपयांचे भरले तरी माफी मिळाली.

वर्षाचा ताळेबंद असा. पेट्रोलवर कार्डाने ३०,००० रुपये खर्च झाले. खरा खर्च ३४,८०० च्या आसपास होता, पण उरलेले पेट्रोल जिथे गाडी होती तिथल्या पंपावर भरावे लागले. त्या ३०,००० वर ३,९०० पॉइंट, म्हणजे ९७५ रुपये. किराण्यावर शंभराला पाच पॉइंट मिळतात, म्हणून काही सामान मी वाण्याऐवजी मुलुंडच्या मोठ्या दुकानातून कार्डावर आणले, वर्षभरात २०,५०० रुपयांचे. त्याचे १,०२५ पॉइंट, सुमारे २५६ रुपये. कार्ड घेताना वार्षिक शुल्क भरल्यावर २,००० पॉइंट मिळाले, ते ५०० रुपयांचे. एकूण जमा १,७३१ रुपये. वजा करायचे ते ४९९ रुपये शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळून ५८८ रुपये ८२ पैसे, आणि अधिभारावरच्या कराचे ५४ रुपये. हाती राहिले १,०८८ रुपये. साडेदहा लिटर पेट्रोल, किंवा माझ्या फेऱ्यांच्या भाषेत जवळजवळ दहा दिवस. वर्षाचा खर्च ५०,००० च्या पुढे गेला तर पुढच्या वर्षीचे शुल्क माफ होते. मी ती रेषा कशीबशी ओलांडली. नुसत्या पेट्रोलवर ती ओलांडली नसती, आणि मग दुसऱ्या वर्षीच्या कमाईतला अर्ध्याहून अधिक भाग शुल्कातच गेला असता. वाण्याची नाराजी या हिशेबात धरलेली नाही.

पॉइंट वापरायला काही निवडक पंपांवर सोय आहे, किंवा व्हाउचर घेता येते. आमच्या रस्त्यावरच्या एका पंपावर मी पॉइंटांचे विचारले तेव्हा त्या मुलाने “ताई, ते मशीन आपल्याकडे नाही,” असे सांगून मला वाटेला लावले. दुसऱ्या एका पंपावर कार्डाचे यंत्र आठवड्यातून एकदा तरी “रेंज नाही” या कारणाने झोपलेले असे आणि “जीपे करा ना ताई” हा सल्ला तयार असे. पेट्रोल टाकीत गेल्यावर हे कळले तर खात्यात शिल्लक नसलेल्या माणसाची काय अवस्था होते, ती मी एका २७ तारखेला अनुभवली आहे. मागे रिक्षांची रांग होती आणि मी लॅबमधल्या सहकाऱ्याला फोन करून ३०० रुपये मागत होते. तेव्हापासून नोझल उचलण्याआधी “कार्ड चालू आहे का?” हे विचारल्याशिवाय मी टाकीचे झाकण उघडत नाही.

पण खरे सांगायचे तर हे १,०८८ रुपये हा माझ्या दृष्टीने कार्डाचा दुय्यम भाग आहे. मला मदत झाली ती दिवसांची. या कार्डावर बिनव्याजी मुदत २० ते ५० दिवसांची मिळते. माझे बिल २२ तारखेला निघते आणि ते भरण्याची तारीख त्यानंतर वीस दिवसांनी, म्हणजे १२ च्या सुमारास येते. पगार आणि भत्ता १० ला येतो. २३ तारखेला भरलेले पेट्रोल पुढच्या महिन्याच्या बिलात जाते आणि त्याचे पैसे त्याच्याही पुढच्या महिन्यात द्यायचे असतात. महिन्याचा शेवटचा आठवडा, जेव्हा पूर्वी मी शंभर-शंभरचे पेट्रोल टाकत असे आणि मुलुंडची लांबची फेरी कोणावर ढकलता येईल ते पाहत असे, तो आता इतर आठवड्यांसारखा जातो. पंपावर वही आली, असेच म्हणायला हवे.

फरक इतकाच की वाण्याची वही थांबते आणि ही थांबत नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकीकडे दुसऱ्याच एका बँकेचे कार्ड होते. दिवाळीच्या महिन्यात तिने बिलावर छापलेली “किमान देय रक्कम” तेवढी भरली आणि बाकीचे पुढच्या महिन्यावर टाकले. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. महिन्याला साडेतीन टक्के धरले तरी ५,००० रुपयांच्या बाकीवर १७५ रुपये व्याज आणि त्यावर जीएसटी, असे मिळून २०६ रुपये होतात, आणि माझे पेट्रोलचे महिन्याचे पॉइंट जास्तीत जास्त ९४ रुपयांचे आहेत. शिवाय व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजले जाते आणि बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणजे ज्या दिवसांसाठी कार्ड घेतले तेच आधी हातचे जातात. मी यावर एक बाळबोध उपाय केला आहे. लॅबचा भत्ता आला की तो त्याच दिवशी पोस्टातल्या बचत खात्यात टाकते आणि तिथून कार्डाच्या बिलाखेरीज कशालाही हात लावत नाही. पहिल्या दोन महिन्यांत हे करत नव्हते, तेव्हा टाकी भरलेली दिसली की रविवारी उगाच पवईपर्यंत फेरी व्हायची आणि सप्टेंबरचे बिल ३,४०० च्या वर गेले होते.

ज्यांचा पगार ठरल्या तारखेला होतो, ज्यांच्या रोजच्या वाटेवर भारत पेट्रोलियमचा पंप आहे आणि ज्यांचे पेट्रोल व किराणा मिळून वर्षाला ५०,००० च्या पुढे जाते, त्यांना हे कार्ड मी घ्यायला सांगेन. कार्डासाठी उत्पन्नाचा पुरावा लागतो. ज्यांच्याकडे तो नाही त्यांना काही बँका मुदत ठेवीवर साधे क्रेडिट कार्ड देतात, पण ठेवीइतके पैसे बाजूला पडलेले असते तर पेट्रोलची ओढाताण कशाला झाली असती? माझा धाकटा दीर खाण्याचे पार्सल पोहोचवतो. त्याच्या कामाचे पैसे दर आठवड्याला खात्यात येतात आणि तो रोज सकाळी २०० रुपयांचे पेट्रोल यूपीआयने भरतो. त्याने कार्डाबद्दल विचारले तेव्हा मी त्याला घेऊ नकोस म्हणून सांगितले. त्याच्या हाती पैसा लवकर येतो, म्हणून उधारीच्या दिवसांचा त्याला उपयोग नाही, आणि आठवडा वाईट गेला तर बिल मात्र पूर्ण महिन्याचे येईल.